गोकर्णीची वेल: लावणी, फुले वाळवणे आणि औषधी उपयोगाची मर्यादा

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर खानदेशात बांधावरच्या बोरी-बाभळींवरून, शाळांच्या तारेच्या कुंपणावरून आणि गावातील अंगणांच्या जाळीवरून जी गर्द निळी फुले श्रावणापर्यंत दिसू लागतात, ती गोकर्णीची. कानबाई देवीच्या सणाच्या सुमारास तिला भर येतो आणि देवघरातील पूजेच्या ताटात तिची चार फुले असतातच. गेल्या काही वर्षांत हीच फुले वाळवून ‘निळा चहा’ म्हणून विकली जात आहेत, आणि तिच्या मुळांविषयी व बियांविषयी नाना दावे ऐकू येत आहेत. त्यांपैकी काही परंपरेला धरून आहेत, काही अर्धवट आहेत आणि काही सरळ धोक्याचे आहेत. या वेलीची लावणी कशी करावी, फुले कशी खुडावी व वाळवावी, त्यांचे पेय कसे करावे, आणि परंपरेने सांगितलेल्या औषधी उपयोगांपैकी कोणता घरी करण्याजोगा आहे व कोणता नाही, हे येथे क्रमाने सांगायचे आहे.

वाचकाने एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. गोकर्णीचे फूल सौम्य आहे, मूळ आणि बी तीव्र आहेत. फुलाचा उपयोग स्वयंपाकघरातला आहे, मुळाचा व बियांचा वैद्याच्या देखरेखीखालचा. एकाच वेलीचे सगळे भाग सारखेच गुणकारी आणि सारखेच निरुपद्रवी असतात, या समजुतीतूनच बहुतेक अपाय घडतात.

वेल नेमकी ओळखावी

गोकर्णीचे शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेटिया. ते लिनियसने १७५३ मध्ये दिले आणि त्यातील दुसरा शब्द इंडोनेशियातील टर्नेट या बेटावरून आला आहे. संस्कृतात तिला अपराजिता व गिरिकर्णी म्हणतात. दसऱ्याला ज्या अपराजिता देवीचे पूजन सांगितले आहे, तिचेच हे नाव. ही वेल वाल, चवळी, तूर यांच्या कुळातील आहे, आणि हे कुळ लक्षात ठेवले की तिची लावणी, तिचे खत आणि तिची शेंग या सर्व गोष्टी सहज समजतात.

पान संयुक्त असते. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या दोन किंवा तीन जोड्या आणि टोकाला एकटी पर्णिका, म्हणजे एकूण पाच किंवा सात. फूल पानाच्या बेचक्यात एकेकटे किंवा जोडीने येते. वालाच्या किंवा चवळीच्या फुलाची मोठी पाकळी वर उभी असते. गोकर्णीचे फूल मात्र उलटे असल्यामुळे तिची मोठी पाकळी खालच्या बाजूला पसरते, तिच्या मध्यभागी पांढरा-पिवळसर डाग असतो आणि तिचा आकार गायीच्या कानासारखा दिसतो. निळ्या फुलांची, पांढऱ्या फुलांची आणि दुहेरी पाकळ्यांची अशा वेली आढळतात. शेंग चपटी, पाच ते दहा सेंटिमीटर लांब आणि टोकाला चोच असलेली असते.

सातपुड्याच्या पायथ्याला किंवा गावाबाहेरच्या झुडपांत इतरही वेली वाढतात, आणि बिया आणणाऱ्याची चूक तेथे होऊ शकते. काळादाण्याची वेलही निळी फुलते. पण तिचे फूल नरसाळ्यासारखे एकसंध असते, पान तीन टोकांचे असते आणि तिच्या बिया जोरदार रेचक असतात. गुंजेच्या पानात बारीक पर्णिकांच्या पुष्कळ जोड्या असतात, आणि तिची लाल-काळी बी दिसायला मोहक असली तरी चावून गिळल्यास प्राणघातक ठरू शकते. खाजकुयलीच्या शेंगेवर खाज आणणारी लव असते. फूल उमललेले पाहिल्याशिवाय कोणत्याही जंगली वेलीच्या बिया औषधासाठी गोळा करू नयेत.

नावाचाही एक घोटाळा आहे. केरळात गोकर्णीलाच शंखपुष्पी म्हणून वापरतात. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात शंखपुष्पी या नावाखाली दिलेली वनस्पती मात्र वेगळी आहे. ती जमिनीवर पसरणारी, लहान फुलांची, कॉन्वोल्वुलस प्रजातीतील वनस्पती आहे. विष्णुक्रांता हे नावही गोकर्णीबरोबर आणखी एका लहान निळ्या फुलांच्या वनस्पतीला दिले जाते. त्यामुळे वैद्याने शंखपुष्पी लिहून दिली म्हणून अंगणातील गोकर्णी उकळून प्यायली, असे करू नये. कोणती वनस्पती अभिप्रेत आहे, हे विचारून घ्यावे.

लावणी

आमच्याकडे उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जमीन बहुतेक काळी, भारी आहे. गोकर्णी या दोन्ही गोष्टी सोसते. काळ्या जमिनीतील चुनखडीचेही तिला वावडे नाही. तिला न सोसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. म्हणून काळ्या जमिनीत सपाटीवर बी न लावता वीतभर उंचीचा वरंबा करून त्यावर लावावे. कुंडीत लावायचे असल्यास कुंडी किमान एक फूट खोल असावी आणि मातीत एक तृतीयांश वाळू मिसळावी.

ज्यांच्याकडे सावलीची जागा आहे, त्यांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पिशवीत रोपे करून ठेवली तर पावसाळा लागताच ती जमिनीत जातात आणि फुले महिनाभर आधी मिळतात. बाकीच्यांनी मृगाचा चांगला पाऊस होऊन ओल खोल गेल्यावर थेट जमिनीत बी टाकावे. उघड्यावर मे महिन्यात बी लावण्यात काही अर्थ नाही. वरची माती इतकी तापते की कोवळा अंकुर करपतो.

बियांचे कवच कठीण असते आणि पाणी आत शिरू देत नाही. ही एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी वीस बिया तशाच लावल्या आणि त्यांतून तीनच रोपे आली. उरलेल्यांपैकी काही पुढच्या पावसाळ्यात उगवली. तेव्हापासून मी प्रत्येक बी पॉलिश कागदावर एका बाजूने हलकेच घासतो, कवचाचा रंग फिका दिसेपर्यंतच, आणि मग सर्व बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालतो. सकाळी ज्या बिया फुगलेल्या दिसतात त्या लावाव्या, ज्या तशाच राहिल्या त्या पुन्हा घासून भिजवाव्या. बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल लावावे. उगवण आठवड्यात सुरू होते आणि दोन आठवड्यांत पूर्ण होते.

दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवावे. वेल दोन ते तीन मीटर चढते आणि तिला बारीक आधार लागतो, कारण ती स्वतः आधाराभोवती गुंडाळत वर जाते. जाड खांबावर किंवा गुळगुळीत भिंतीवर तिला पकड मिळत नाही. यासाठी विकतचे काही आणायची गरज नाही. कपाशी उपटल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या काटक्या किंवा तुरीच्या काड्या सुतळीने उभ्या-आडव्या बांधल्या की उत्तम मांडव होतो. दिवसातून किमान सहा तास ऊन मिळाले पाहिजे, नाही तर वेल पानांनीच भरते.

खत जपून द्यावे. द्विदल कुळातील असल्यामुळे गोकर्णीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र मुळांना मिळवून देतात. तिला युरिया दिला तर पाला माजतो आणि फुले कमी होतात. लावणीच्या वेळी ओंजळभर कुजलेले शेणखत आणि फुले लागताना आणखी थोडे, इतके पुरते. हिचा पाला जनावरेही आवडीने खातात व तो पौष्टिक चारा आहे, त्यामुळे गोठा जवळ असल्यास वेलीला आडोसा करावा.

लावणीपासून सहा ते आठ आठवड्यांत पहिली फुले येतात. थंडीत, विशेषतः जानेवारीत, फुलणे मंदावते. मे महिन्यात जुन्या वेली वाचवण्यासाठी बुंध्याशी केळीच्या वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन घालावे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात या पानांना तोटा नाही.

फवारणीपासून दूर

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहीत आहे, कारण इतर प्रांतांतील माहितीत तो सहसा नसतो आणि खानदेशासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार हा कपाशीचा मुलूख. गोकर्णीला ज्या महिन्यांत भरपूर फुले येतात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, नेमक्या त्याच महिन्यांत कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी वारंवार फवारण्या होतात. वाऱ्याबरोबर औषधाचे तुषार बांधावरच्या वेलींवर येतात. त्यातील काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे वनस्पतीच्या अंगात शिरून तिच्या सर्व भागांत पोहोचतात. अशी फुले कितीही धुतली तरी स्वच्छ होत नाहीत.

म्हणून पूजेसाठी बांधावरची फुले घेतली तर चालेल, पोटात घेण्यासाठी घेऊ नयेत. पिण्याच्या पेयाची फुले अंगणातील, गच्चीवरील किंवा परसातील वेलीचीच असावीत. एके वर्षी फुले भरघोस दिसली म्हणून मी शेजारच्या बांधावरून टोपलीभर खुडून आणली होती. ती वाळत घातल्यावर संध्याकाळी कळले की आदल्याच दिवशी त्या शेतात फवारणी झाली होती. सगळी फुले खड्ड्यात पुरावी लागली. विकतची वाळलेली फुले घेतानाही ती कुठल्या वेलीची आहेत हे विचारावे, आणि विक्रेत्याला सांगता आले नाही तर घेऊ नयेत. घरच्या वेलीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि किडकी टोके खुडून टाकावीत. कडुनिंबाच्या अर्काची फवारणी केल्यास पुढचे आठ दिवस त्या वेलीची फुले खाण्यासाठी खुडू नयेत.

फुले खुडणे आणि वाळवणे

फूल सकाळी उमलते आणि साधारण एका दिवसात मिटते. दव उडाल्यावर, पण ऊन चढण्यापूर्वी, म्हणजे आठ-साडेआठच्या सुमारास खुडावे. रोज खुडल्याने वेल शेंगा धरत नाही आणि नव्या कळ्या येत राहतात. खुडलेली फुले एका थाळीत पातळ पसरून किडे व मुंग्या निघून जाऊ द्याव्यात. फुलाच्या बुडाशी जो हिरवा निदलपुंज असतो तो काढून टाकावा, कारण त्यामुळे पेयाला हिरव्या शेंगेसारखी चव येते.

फुले उन्हात वाळवू नयेत. आमच्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात ती चार तासांत कुरकुरीत होतात खरी, पण रंग उडून करडी पडतात, आणि या फुलात जे काही घेण्याजोगे आहे ते त्या रंगातच आहे. हवेशीर खोलीत, खाटेवर पातळ सुती कापड अंथरून त्यावर एकेरी थर पसरावा व वरून मलमलीचे कापड घालावे. पावसाळी दमट दिवसांत पंखा लावावा, नाही तर बुरशी धरते. कोरड्या हवेत दोन ते तीन दिवस लागतात. पाकळी बोटांत चुरडली असता तुटली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ओल आहे असे समजावे. ताज्या फुलात सुमारे नऊ दशांश पाणीच असते, त्यामुळे शंभर ग्रॅम फुलांची वाळून दहा-बारा ग्रॅम राहिली तर मन खट्टू करू नये. पूर्ण वाळलेली फुले काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवावीत आणि सहा महिन्यांत संपवावीत. बरणी उघडल्यावर कुबट वास आला तर सर्व फुले टाकून द्यावीत, वरची काढून खालची वापरू नयेत.

पेय कसे करावे

आयुर्वेदात औषधी पाण्यात उकळून आटवली की काढा होतो, आणि गरम पाणी ओतून झाकून ठेवली व गाळली की फांट होतो. गोकर्णीच्या फुलांचा फांट करावा, काढा नव्हे. पेलाभर पाणी उकळी येऊन खाली उतरवावे, अर्धा मिनिट थांबावे, त्यात सहा ते आठ ताजी किंवा तितकीच वाळलेली फुले घालावीत आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. गाळल्यावर गडद निळे पाणी मिळते. त्याला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून आल्याचा तुकडा, गवती चहाची दोन पाती किंवा चार तुळशीची पाने फुलांबरोबरच टाकावीत. गूळ घालायचा असल्यास कोमट झाल्यावर घालावा. यात चहाच्या पानाप्रमाणे कॅफीन नसल्यामुळे संध्याकाळी घेतले तरी झोपेवर परिणाम होत नाही.

लिंबू पिळताच हे पाणी जांभळे आणि मग गुलाबी होते, आणि घरातील मुले यासाठीच ते पुन्हा पुन्हा करायला लावतात. फुलातील निळा रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांचा असतो. त्यांची रचना आम्लात बदलते तेव्हा रंग तांबडा होतो, आणि अल्कात बदलते तेव्हा हिरवट. म्हणजे हे फूल लिटमस कागदासारखे काम करते. फुलांच्या गडद पाण्यात गाळण कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या, तर शाळेतील मुलांना लिंबू, ताक, साबण आणि खाण्याचा सोडा यांची परीक्षा घरीच करता येते. ज्या गावांत बोअरचे पाणी फार क्षारयुक्त आहे, तेथे फांटावर हिरवट झाक दिसू शकते. त्याने घाबरून जाऊ नये, गाळलेले किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरून पाहावे.

मलेशियात भाताला व थायलंडमध्ये सरबताला याच फुलांचा निळा रंग देतात. आपल्याकडे साबुदाण्याची किंवा तांदळाची खीर, तांदळाचे पापड, श्रीखंड यांना रंग देण्यासाठी कृत्रिम रंगाऐवजी हे पाणी वापरता येईल. ताक किंवा दही आंबट असल्याने त्यात रंग जांभळट येतो, दुधात निळा राहतो.

दिवसाला एक पेला पुरे. निरोगी प्रौढ माणसाने आठवड्यातून तीन-चार वेळा घ्यावा आणि त्याला औषध न समजता पेय समजावे, असे माझे मत आहे.

परंपरेतील उपयोग आणि त्यांची पारख

निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदातील औषधींच्या जुन्या कोशांत, अपराजितेला मेध्य, म्हणजे बुद्धी व स्मृती यांना हितकर, तसेच कंठाला व दृष्टीला हितकर, थंड गुणाची, सूज, व्रण आणि विष यांवर उपयुक्त असे म्हटले आहे. वैद्य औषधासाठी मुख्यतः मूळ वापरतात, आणि पांढऱ्या फुलांच्या वेलीचे मूळ अनेकांच्या मते अधिक गुणकारी. मेध्य या गुणाची तपासणी आधुनिक प्रयोगशाळेतही झाली आहे. मणिपाल येथील कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात उंदरांच्या पिल्लांना मुळाचा जलीय अर्क दिल्यावर त्यांची शिकण्याची व लक्षात ठेवण्याची क्षमता वाढल्याचे आढळले. परंपरेतील एका शब्दाला प्रयोगात आधार मिळावा, हे मला मोलाचे वाटते. पण उंदरातील प्रयोगावरून दहावीच्या विद्यार्थ्याला मुळाचे चूर्ण किती द्यावे, हे ठरत नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना असे चूर्ण चाटवणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

मूळ तीव्र आहे, हे जुन्या लोकांना चांगले माहीत होते. मुंबई इलाख्यातील वनौषधींविषयी एकोणिसाव्या शतकात जे लिहिले गेले त्यात कोकणातील प्रथा नोंदवलेली आहे: जुनाट खोकल्यात कफ पडावा म्हणून मुळाचा रस थंड दुधातून देत, आणि त्याने मळमळ व वांती होते असेही तेथेच सांगितले आहे. अर्धशिशीसाठी पांढऱ्या गोकर्णीच्या मुळाचा रस नाकपुडीत घालण्याची प्रथाही त्या काळी होती आणि ती अजून ऐकू येते. घरी वाटून काढलेला, न गाळलेला रस नाकात घालणे धोक्याचे आहे. नाकाच्या आतील त्वचा नाजूक असते आणि मातीतून काढलेल्या मुळाबरोबर जंतूही येतात. नस्य ही आयुर्वेदातील विधिवत क्रिया आहे आणि ती तिचे शिक्षण घेतलेल्या वैद्याकडूनच करून घ्यावी.

बिया आणि मूळ दोन्ही रेचक आहेत. भाजलेल्या बियांचे चूर्ण सुंठ व सैंधवाबरोबर मलावरोधावर देण्याची रीत आहे. तिची मात्रा मी येथे देत नाही, कारण रुग्णाचे वय, बल आणि कोठा पाहिल्याशिवाय ती ठरत नाही आणि चुकली तर पोटात मुरडा, जुलाब व अशक्तपणा येतो. खानदेशातील उन्हाळ्यात घामाने आधीच पाणी कमी झालेल्या माणसाला जुलाब लागणे ही लहान गोष्ट नव्हे. साध्या मलावरोधासाठी इसबगोल, मनुका, भरपूर पाणी असे सौम्य उपाय घरात असताना या बियांकडे वळण्याचे कारण नाही.

बाह्य उपयोग त्यामानाने निर्धोक आहेत. पानांचा रस किंचित मीठ घालून, कोमट करून कानाच्या भोवती लावण्याची जुनी रीत आहे, विशेषतः कानामागे गाठी सुजल्या असताना. तो कानाच्या बाहेर लावायचा असतो, कानात घालायचा नसतो. लहान सुजेवर धुतलेल्या ताज्या पानांचा लेप लावता येतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून अर्धा तास पाहावे, खाज किंवा लाली आली तर धुऊन टाकावा. जखम उघडी असेल, पू झाला असेल किंवा ताप असेल तर लेपावर वेळ घालवू नये. डोळ्यांना हितकर म्हटले आहे म्हणून फुलांचे पाणी डोळ्यांत घालणारेही आहेत. घरी केलेले कोणतेही पाणी निर्जंतुक नसते, ते डोळ्यांत घालू नये.

विषावरील उपयोगाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. गोकर्णीचे मूळ सर्पविषावर देण्याचा उल्लेख परंपरेत आहे, आणि आमच्या भागात पावसाळ्यात शेतात नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचा वावर असल्याने असे उपाय लोकांच्या तोंडी असतात. साप चावलेल्या माणसाला मूळ उगाळून पाजण्यात जी मिनिटे जातात तीच त्याच्या जिवाची असतात. चावलेला अवयव न हलवता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने, प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. दुसरा कोणताही उपाय मध्ये करू नये.

फुलांविषयी अलीकडचे संशोधन बहुतेक रक्तातील साखरेच्या अंगाने चालू आहे. थायलंडमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत १५ निरोगी पुरुषांना साखरेच्या पाण्याबरोबर फुलांचा अर्क दिला असता, नुसत्या साखरेच्या पाण्यापेक्षा त्यांच्या रक्तातील साखर कमी चढली. पंधरा निरोगी माणसांवरून मधुमेहाच्या उपचाराचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि निळा चहा सुरू करून गोळ्या बंद करणे हा तर अविचार होईल.

कोणी घेऊ नये

गर्भवती स्त्रियांनी गोकर्णीचा कोणताही भाग पोटात घेऊ नये. याचे कारण सांगताना थोडे दूर जावे लागते. काँगोमध्ये प्रसूती लवकर व्हावी म्हणून स्त्रिया एका स्थानिक वनस्पतीचा काढा घेत, आणि १९६०च्या दशकात लोरेन्ट्स ग्रान या नॉर्वेजियन डॉक्टरने त्यातील गर्भाशय आकुंचित करणारे द्रव्य शोधले. ते वर्तुळाकार रचनेचे लहान प्रथिन होते. अशा प्रथिनांना पुढे सायक्लोटाइड म्हणू लागले. गोकर्णीतही या गटातील प्रथिने आहेत, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. वेल ती किडींपासून बचावासाठी तयार करते, आणि ऑस्ट्रेलियात तिच्या अर्कापासून पिकांसाठी कीटकनाशकही केले गेले आहे. गोकर्णीतील सायक्लोटाइड गर्भाशयावर तसाच परिणाम करतात असे यावरून सिद्ध होत नाही, पण गर्भारपणात शंकेला जागा असलेली वस्तू टाळणे हेच योग्य.

अन्नसुरक्षेच्या संस्थांचेही याबाबत एकमत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये फुलांच्या जलीय अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांबाबत याच प्रथिनांमुळे सुरक्षिततेचा आक्षेप नोंदवला. आग्नेय आशियात कित्येक पिढ्या ही फुले खाल्ली जात असल्याने मी माफक प्रमाणात ती घेतो, पण दिवसभर लिटरने निळे पाणी पिण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

स्तनपान देणाऱ्या माता, पाच वर्षांखालील मुले, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेले लोक यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फांटही घेऊ नये. ज्यांना इतर द्विदल धान्यांची ॲलर्जी आहे, त्यांनी पहिल्या वेळी एकाच फुलाचे पाणी घेऊन पाहावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास जड झाला तर तत्काळ दवाखाना गाठावा.

छाटणी आणि बियाणे

दिवाळीनंतर फुले खुडणे कमी करून काही फांद्यांवर शेंगा पिकू द्याव्यात. शेंग तपकिरी झाली की ती उकलून बिया दूर उडवते, म्हणून रंग बदलताच, उकलण्यापूर्वी, शेंगा काढून कागदाच्या पिशवीत वाळवाव्यात. फेब्रुवारीच्या अखेरीस वेल जमिनीपासून हातभर उंचीवर छाटावी. बुंधा जिवंत असला तर पहिल्या पावसात नवे फुटवे येतात, आणि तीन-चार वर्षांनी जुनी वेल काढून नव्या बियांची लावावी. जुनी वेल उपटताना जी जाड मुळे निघतात ती वाळवून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. घरात कोणाला ती वैद्याने सांगितलेली नसतील, तर शेणखताच्या खड्ड्यात टाकावीत. बिया वेगळ्या बाटलीत भराव्यात, वाळलेल्या फुलांच्या बरणीशेजारी ठेवू नयेत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा फळीवर ठेवाव्यात आणि बाटलीवर ठळक अक्षरांत लिहावे: ‘गोकर्णी बी, लावणीसाठी, खाऊ नये’.